गुऱ्हाळातल्या मुंग्या

डॉक्टरनं साखर बंद सांगितली तेव्हा थोरला दवाखान्यातच मोठ्यानं हसला.

"साखर? डॉक्टर, आमच्या घरात साखर येतच नाही. आमचं गुऱ्हाळ आहे. आम्ही गूळ खाणारी माणसं."

डॉक्टरच्या दारात रांग होती. त्यानं मान हलवली, गोळ्या लिहून दिल्या, टाचेच्या जखमेची पट्टी बदलायला नर्सबाई घरी येतील म्हणून सांगितलं आणि पुढच्याला आत बोलावलं. थोरला काठी टेकत बाहेर आला. वाटेत भेटेल त्याला तो सांगत सुटला की रक्तात साखर निघाली म्हणतात, आणि आपण तर आयुष्यात साखरेला शिवलो नाही, त्यांचं यंत्रच बिघडलेलं असणार. ऐकणाऱ्यांनाही ते पटत होतं. त्या भागात बांधाबांधाला ऊस होता. गूळ म्हणजे ताकद, गूळ म्हणजे रक्त, आणि साखर ती कारखान्यातली, पांढरी, परकी, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

गोळ्यांची पुडी हातात घेऊन धाकटी मागून चालत होती. थोरला तिचा मोठा दीर. त्याची बायको कधीच वारलेली, पोरबाळ नाही. गुऱ्हाळ त्याच्या नावावर, ऊसही त्याचाच. घर म्हणायला दोघा भावांचं, पण कोठीची किल्ली थोरल्याच्या कमरेला. धाकटा भाऊ त्याच गुऱ्हाळात गुळव्या होता, म्हणजे उकळत्या रसाच्या काहिलीपाशी उभं राहून पाक कधी उतरवायचा ते सांगणारा. आणि धाकटी ही त्या गुळव्याची बायको. त्या घरात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. धाकटी म्हटलं की झालं.

नर्सबाई आली ती भर दुपारी, घामानं डबडबलेली. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेल्या थोरल्याची जखम तिनं धुतली, पट्टी बांधली आणि हात धुवायला स्वयंपाकघरात आली. दोन्ही खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. नर्सबाईचं निम्मं आयुष्य कानानं कमी असलेल्या म्हाताऱ्यांशी बोलण्यात गेलेलं, त्यामुळे तिला हळू बोलता येतच नसे.

"गूळ पण बंद बरं का," ती म्हणाली. "गूळ, काकवी, उसाचा रस, सगळी साखरच. रंग वेगळा म्हणून रक्त फसत नाही. भात मूठभर घालायचा. अर्ध्या ताटात पालेभाजी, काकडी, असलं काहीतरी. रोज डाळ, मूग, हरभरे, अंडं. जेवण वेळेवर. एवढं पाळलं तर गोळ्या काम करतील, जखम भरेल, पाय वाचेल. नाही पाळलं तर पाय जातो, डोळे जातात, मग मूत्रपिंडं. त्यांना नीट समजावून सांग. माझ्यावर ते नुसते खेकसतात."

"सांगते," धाकटी म्हणाली.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ही बाई याच स्वयंपाकघरात, याच चुलीपाशी, जवळजवळ हेच शब्द पूर्वीही बोलून गेली होती. तेव्हा धाकटी पोटुशी होती. उसाची वाळलेली चिपाडं डोक्यावरून चुलवाणापर्यंत वाहायची, तिथल्या भट्टीच्या तोंडाशी टाकायची आणि पुन्हा ढिगाकडे जायची, असं तिचं दिवस भरत येईपर्यंत चाललं होतं. नर्सबाईनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली होती आणि म्हणाली होती, "तुझ्या अंगात रक्तच नाही गं. दूध पी, अंडी खा, पालेभाजी, डाळी. औषधाच्या गोळ्या मी देते, पण त्यांना खाली काहीतरी आधार पाहिजे ना."

धाकटीनं त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं. त्या सकाळी मागितलं. थोरला पायरीवर बसून डेअरीच्या कॅनमध्ये दूध ओतत होता. तिनं वाटी पुढं केली. थोरल्यानं वर बघितलं, वाटीकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धाकटे, दूध विकायला असतं, प्यायला नसतं. नर्सबाईंचं काय जातंय सांगायला!"

दूधवाला हसला. अंगणातले मजूर हसले. नवरा तिथंच काहील घासत होता. त्यानं मान वर केली नाही, मूग गिळून गप्प बसला. धाकटीच्या ताटात मूग कधी पडले नाहीत, नवऱ्यानं मात्र ते पोटभर गिळले.

मुलगी झाली. एवढीशी, सोललेल्या शेंगेसारखी. रडायलाही तिच्यात जोर नव्हता. धाकटीची छाती कोरडी. पोरीचं तोंड छातीला लावून ती बसून राहायची आणि पोर चोखून चोखून दमायची. आठवडाही निघाला नाही. पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्यानं आपणहून भांडंभर दूध आत पाठवलं. ते प्यायला तोवर कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर धाकटीची कूस उजवली नाही.

नर्सबाई गेल्यावर बाहेरून हाक आली.

"धाकटे, काय सांगत होती गं ती बाई?"

धाकटी दारात जाऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "साखर खाऊ नका म्हणाल्या."

थोरल्यानं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "एवढंच?"

"एवढंच."

"बरं," थोरला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

धाकटी परत चुलीपाशी आली आणि मागं ओढलेलं लाकूड तिनं पुन्हा आत सारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी मिळालं होतं. त्यासाठी विष घालायचं नव्हतं, शाप द्यायचा नव्हता, भांडायचंही नव्हतं. चार शब्द पोटात ठेवायचे आणि प्रेमानं वाढायचं. बस.

तेव्हापासून धाकटी हसून वाढायला लागली. गूळ घालून शिजवलेला भात, वर साय. आटवलेल्या दुधात काकवीची धार. भाजलेलं रताळं, तेही काकवीत बुडवून. पायाला लागलंय, ताकद यायला हवी, असं म्हणत ती थोरल्यापुढं ताट ठेवी आणि तो शेवटचं शीत वेचून खाईपर्यंत समोर बसून राही. मागेल ते थोरला कोठीतून काढून देत होता. दुधाचं भांडं आता डेअरीच्या आधी घरात यायचं. इतकी वर्षं जो माणूस डाळही मुठीनं मोजून काढायचा, तो असा मुकाट्यानं सगळं देतो, याचं धाकटीला नवल वाटलं. मग तिनं मनाशी म्हटलं, स्वतःच्या जिभेला मिळतंय ना, म्हणून हात सुटलाय मेल्याचा.

गुऱ्हाळातली माणसं तोंडात बोट घालायची. चुलवाणात जाळ घालणारी म्हातारी तर सगळ्यांना ऐकवायची, "भावजय असावी तर अशी. सख्खी लेक करणार नाही एवढं करते." धाकटी चिपाडांचा भारा टाकून कंबर सरळ करायची आणि म्हणायची, "आपलं माणूस आहे, मावशी. आपण नाही करायचं तर कुणी करायचं?"

घरात चूल एक आणि भांडंही एकच. थोरल्याला गोड भात झाला की तोच नवऱ्याला. वेगळं शिजवायला सरपण कुठं होतं, आणि वेगळं शिजवलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. नवरा आवडीनं खायचा. हल्ली घरात जेवायला बरं वाटतं, असंही एकदा म्हणाला. धाकटीला स्वतःला मात्र त्यातला घास उतरत नसे. कालची शिळी भाकरी मिठाशी खाऊन ती उठायची.

गुऱ्हाळामागं एक पडकी भिंत होती. मजूर शेताकडं जायचे, पण घरचे पुरुष उठल्यावर लघवीला त्या भिंतीपाशी जायचे. चुलवाणातली राख टाकायला धाकटी तिथूनच जायची. एके सकाळी म्हातारीही तिच्याबरोबर होती. भिंतीच्या पायथ्याशी ओलसर जागेवर मुंग्यांची काळी रांग लागली होती.

"बघ," म्हातारी दात नसलेल्या तोंडानं हसली. "पूर्वी डॉक्टर कुठं होते? मुंग्या बघूनच सांगायचे, की याच्या पाण्यातून गोड जातंय. मालकांना सांग हो, जपून राहा म्हणावं."

"सांगते की," धाकटी म्हणाली.

गुऱ्हाळात मुंग्यांना काय तोटा! काहिलीच्या काठावर, गुळाच्या साच्यांवर, मजुरांच्या डब्यांत, कपड्यांच्या घड्यांत, जिथं बघाल तिथं मुंग्या. त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नसे. पण आता धाकटी रोज राखेची पाटी घेऊन त्या भिंतीपाशी जरा थांबायची. रांग जाड झालेली दिसली की तिच्या काळजाला थंडावा मिळायचा. जा, खा, असं ती मुंग्यांना मनातल्या मनात म्हणायची.

हंगाम भरात आला. सकाळी ऊस पिळायचा चरक सुरू झाला की त्याची घरघर दिवस मावळेपर्यंत थांबायची नाही. काहिलीतला रस उकळून वर यायचा, मळी काढली जायची, वाफेनं छपराखालचं काही दिसत नसे. गुळव्याची खरी वेळ शेवटी. पाक घट्ट व्हायला लागला की तो बोटं गार पाण्यात बुडवायचा, तशीच उकळत्या पाकात घालून चिमूटभर उचलायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायचा आणि जिभेवर टाकायचा. जिभेनं होय म्हटलं की तो हात वर करायचा आणि माणसं काहील उतरवायची. बापानं त्याला असंच शिकवलं होतं. एका काहिलीला कितीदा तरी जिभेवर पाक जायचा, आणि दिवसाला काहिली तरी किती! पाक थुंकून टाकणं म्हणजे अपमान, असं बाप म्हणायचा. गुळव्या तो गिळायचा.

त्या हंगामात तो पाणी फार प्यायला लागला. पण चुलवाणापाशी उभं राहणाऱ्याला तहान लागणारच. पाणी प्यालं की उठावंही लागणारच. त्याची गालफडं बसली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. हंगामात कुणाच्या अंगावर मांस राहतं? संध्याकाळी तो हातपाय गळाल्यासारखा बसायचा. सगळेच तसे बसायचे.

एका दुपारी त्याचा हात वर जायला उशीर झाला. म्हातारीनं आतून ओरडून सांगितलं, "अरे, करपल्याचा वास येतोय!" तेव्हा त्यानं हात वर केला. काहील उतरवली तोवर पाक काळपट झाला होता. गार करायच्या वाफ्यात ओतलेला गूळ डांबरासारखा दिसायला लागला.

थोरला लंगडत आला. त्यानं त्या गुळाचा तुकडा मोडला, भावाच्या नाकासमोर धरला आणि साऱ्या गुऱ्हाळादेखत विचारलं, "आंधळा झालास का रे?"

"दादा, जरा धुरकट दिसलं," गुळव्या खाली बघत म्हणाला.

"चुलवाणापाशी धुरकट नाही दिसणार तर काय चांदणं पडणार? बापानं जीभ शिकवली म्हणून इथं उभा आहेस. नाहीतर चिपाडं वाहायच्या लायकीचा तू."

कुणीतरी हसलं. गुळव्यानं तो काळा तुकडा भावाच्या हातातून घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला, जणू तोंडात टाकला की चूक दिसेनाशी होणार होती. धाकटी डोक्यावर भारा घेऊन तशीच उभी होती. चिपाडं वाहायच्या लायकीचा. म्हणजे तिच्या लायकीचा. त्या संध्याकाळी तिनं भांड्यातल्या दुधात काकवी ओतली ती हात आखडता न घेता. दूध तपकिरी झालं. थोरला ते पेलाभर प्यायला, आणि उरलेलं नवरा.

पुढं थोरल्याच्या टाचेला वास यायला लागला. नर्सबाईनं पट्टी सोडली आणि तिचा चेहराच बदलला. तिनं बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला, आकडा बघितला आणि फळ्यांच्या भिंतीकडं तोंड करून ओरडली, "काय गं, पथ्य पाळतात ना हे?"

"तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय," धाकटी आतून म्हणाली.

थोरल्यानं बोटावरचं रक्त सदऱ्याला पुसलं.

"मग साखर वाढते कशी?" नर्सबाई पुटपुटली. "आजपासून पाय जमिनीला लावायचा नाही. खाटेवरच सगळं. आणि पुढच्या वेळी जखम अशीच दिसली तर मोठ्या इस्पितळात पाठवणार. ते लोक पाय ठेवणार नाहीत, आत्ताच सांगते."

धाकटी चुलीपाशी बसून ऐकत होती. पाय जाणार. तिनं डोळे मिटले आणि पायरीवर बसलेला थोरला आठवला, मांडीशी दुधाचा कॅन घेतलेला. त्या पायरीवरून आता त्याला कुणीतरी उचलून उतरवावं लागेल. तिला हसू आलं. ते हसू दाबायला तिनं पदर तोंडात धरला.

थोरला खाटेला खिळला. खोलीतच लघवीला भांडं ठेवलं होतं, ते धाकटी सांदीत नेऊन रिकामं करायची, नाक मुरडून पण मनातून खूश. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी ती नेहमीप्रमाणं राखेची पाटी घेऊन गुऱ्हाळामागं गेली. पाटी उलटी केली, झटकली, आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं.

मुंग्या होत्या. जाड, काळी रांग. जमीन ताजी ओली होती.

धाकटी बघत राहिली. थोरल्याचा पाय कितीतरी दिवसांत जमिनीला लागला नव्हता. त्याचं सारं खोलीतल्या भांड्यात. मजूर इकडं फिरकत नाहीत. मग इथं येतं कोण? उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिनं ते गिळायला बघितलं. ते गिळलं जाईना. घरात दुसरा पुरुष एकच होता.

पाटी तिथंच टाकून ती धावली. काहील चढलेली होती, नवरा काठाशी उभा राहून मळी काढत होता. तिनं त्याचं मनगट धरलं.

"चला."

"अगं, काय झालं? काहील चढलीय."

"उतरू दे नाहीतर जळू दे. तुम्हाला दिसतं का नीट? पाणी किती पिता? पायांना मुंग्या येतात का?"

"येतात थोड्या," तो चाचरत म्हणाला. "दिवसभर उभं राहून..."

साऱ्या माणसांदेखत तिनं त्याला हाताला धरून ओढत नेलं. मागून कुणी काय बोललं, ते तिला ऐकू आलं नाही. वाटेत तिच्या डोळ्यांपुढून ताटं जात होती. गोड भाताचं ताट. सायीचं ताट. तपकिरी दुधाचा पेला, आणि त्या पेल्यानंतर उरलेलं, जे ती याच्या हातात द्यायची. एकाच भांड्यातून. आपल्याच हातानं.

दवाखान्यात नर्सबाईनं गुळव्याचं बोट टोचलं. बोटं पाकानं भाजून भाजून एवढी निबर झाली होती की सुई दोनदा टोचावी लागली. आकडा बघून तिनं यंत्र पुसलं आणि पुन्हा बघितलं.

"सख्खे भाऊ," शेवटी ती म्हणाली. "रक्त एकच. एकाला निघाल्यावर दुसऱ्याला त्याच दिवशी आणायला हवं होतं. आणि तुमच्या घरात तर पथ्याचा स्वयंपाक होतोय ना? मग याची एवढी कशी?"

धाकटीनं नवऱ्याच्या बोटावर कापूस दाबून धरला.

नर्सबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. हिशेब तिला कळला की नाही, देव जाणे. ती एवढंच म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. डोळ्यांचं सावरेल. डॉक्टर गोळ्या देतील, पण अर्धं काम तुझ्या चुलीचं. तुझ्या वेळी मी सांगितलेलं कुणी ऐकलं नाही गं. याच्या वेळी तरी ऐक."

घरी येईपर्यंत धाकटीच्या डोळ्यांतलं पाणी आटून गेलं होतं आणि त्या जागी नुसता जाळ होता. थोडा स्वतःवर, बराचसा खाटेवरच्या माणसावर. पोर घेतली, आता नवराही घ्यायला निघाला, तोही माझ्याच हातानं.

ती थेट बाहेरच्या खोलीत गेली आणि हात पुढं केला.

"दादा, किल्ली."

थोरल्यानं तिच्या हाताकडं बघितलं. का, कशाला, काही विचारलं नाही. करदोट्याची गाठ सोडून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. एवढ्या सहज किल्ली मिळाली याचाही तिला संताप आला.

कोठीत मूग होते, हरभरे होते, मसूर होती. बाजारासाठी भुशात घालून ठेवलेली अंडी होती. कोपऱ्यातल्या एका पोत्याला तर कीड लागली होती. विकायचं म्हणून ठेवलं आणि विकलंही नाही. ती त्या पोत्यापाशी बसली आणि पोर गेल्यावरही रडली नव्हती एवढी रडली. मग तोंड धुऊन चुलीशी गेली.

त्या दिवशी चुलीवर पहिल्यांदा दोन भांडी चढली. मोठ्यात पालेभाजी, घट्ट शिजवलेले मूग, दोन अंडी, आणि बाजूला मूठभर भात, तो नवऱ्यासाठी. छोट्यात गोड भात, तो थोरल्यासाठी. गूळ ढवळताना तिचा हात डगमगला नाही. नवरा तिचा होता, त्याला ती वाचवणार होती. दुसऱ्याचं जे ठरलं होतं ते ठरलं होतं.

नवरा जेवायला बसला. ताटातल्या हिरव्या ढिगाकडं बघून म्हणाला, "हे सगळं मी खायचं?"

"चावून खायचं. आणि उद्यापासून पाक जिभेवर ठेवायचा नि थुंकायचा. चूळ भरायची."

"अगं, बाप म्हणायचा..."

"बापाला काय झालं होतं शेवटी? दोन्ही डोळे गेले होते ना?"

गुळव्याचा घास हातातच राहिला. हे असं कुणी जोडून बघितलंच नव्हतं. म्हातारा जाळासमोर राहून आंधळा झाला, असंच सगळे म्हणत आले होते. तो पालेभाजी खायला लागला. जरा वेळानं त्यानं छोट्या भांड्याकडं बघून विचारलं, "आणि दादाला वेगळं कशाला?"

"तुम्ही जेवा," धाकटी म्हणाली आणि गोड भाताची वाटी घेऊन बाहेर गेली.

थोरला उठून बसला. वाटी हातात घेतली. नुसता वास घेतला आणि मांडीवर ठेवली.

"एकट्यापुरता शिजवलास?"

"त्यांना पथ्य सांगितलंय."

"आणि मला?"

बाहेर चरक थांबला होता. चुलवाणापाशी म्हातारी कुणाला तरी शिव्या घालत होती.

"ती बाई पहिल्या दिवशी बोलली ना," थोरला फळ्यांच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "ते मला इथं ऐकू आलं होतं. गूळ पण साखरच. सगळं ऐकू आलं. पाय, डोळे, सगळं."

धाकटीनं दाराची चौकट धरली.

"मग खाल्लंत कशाला?"

"तू वाढत होतीस म्हणून." त्यानं चमचा उचलला. "एवढ्या वर्षांत तू माझ्यासमोर कधी बसली नव्हतीस. म्हटलं, हिच्या मनासारखं होऊ दे. त्या पोरीचं... तेवढ्यानं फिटत असेल तर फिटू दे. फक्त त्याला झालंय हे माहीत नव्हतं मला. खरंच नव्हतं."

तो चमचा तोंडाशी नेणार एवढ्यात धाकटीनं झडप घालून वाटी ओढली. भात खाटेवर, त्याच्या छातीवर, जमिनीवर सांडला.

"फिटू दे?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माझी पोर दुधावाचून गेली, आणि तुम्ही दूध-काकवी पिऊन, साय चाटून ते फेडणार? गोड गोड खाऊन सुटणार? आणि माझ्याच हातून? वर मीच पापाची धनी? नाही दादा. एवढं सोपं मरण मी तुम्हाला देणार नाही."

ती तरातरा आत गेली. नवरा हातातला घास टाकून उभा राहिला होता. फळ्यांच्या भिंतीतून त्यालाही सगळं ऐकू आलं होतं. तो काही बोलायला गेला, तिच्या तोंडाकडं बघून थांबला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं गप्प बसण्याऐवजी काहीतरी केलं. मोठं भांडं उचलून तिच्या पुढं धरलं. तिनं ताट भरलं. अर्धं ताट कडवट पालेभाजी, वर मूग, उकडलेलं अंडं, भात नावाला.

ते ताट तिनं थोरल्याच्या मांडीवर आदळलं.

"खा."

"धाकटे..."

"खा म्हणते ना! आता मी वाढेन तेच खायचं. गोळी मी हातात देईन, माझ्यासमोर गिळायची. पाय मी वाचवणार. डोळे वाचवणार. म्हातारे होईपर्यंत जगवणार तुम्हाला. रोज उठून माझं तोंड बघायचं आणि त्या पोरीचं वय काय झालं असतं ते मोजायचं."

थोरला खायला लागला. पालेभाजी त्याला घशाखाली जाईना. चावता चावता डोळ्यांतून पाणी येत होतं, ते भाजीच्या कडवटपणानं की कशानं, हे धाकटीनं विचारलं नाही. ती जमिनीवर मांडी घालून समोर बसली आणि ताट स्वच्छ होईपर्यंत उठली नाही. सांडलेल्या गोड भाताकडं मुंग्या कधीच निघाल्या होत्या.

हंगाम संपायच्या आत जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. नर्सबाईनं यंत्र दोनदा तपासलं, मग हसली. हळूहळू थोरला काठी टेकत अंगणात यायला लागला. गुळव्याला धुरकट दिसायचं कमी झालं. पाक जिभेवर ठेवून तो बाजूला थुंकायचा, चूळ भरायचा, आणि सुरुवातीला हसणारी माणसं नंतर हसेनाशी झाली, कारण गूळ पूर्वीसारखाच उतरत होता. म्हातारी अजूनही सगळ्यांना सांगायची की भावजय असावी तर अशी, मरणाच्या दारातून दिराला ओढून आणलं. धाकटी आता त्यावर काही बोलत नसे. ते खरं होतं आणि तेच तिला सलायचं. तिचा वैरी तिच्याच स्वयंपाकावर तिच्या डोळ्यांदेखत धडधाकट होत होता.

हंगामाची शेवटची काहील उतरली त्या दुपारी सगळे वाफ्याभोवती जमले. गूळ पिवळाधमक, हाताला कोमट लागणारा. माणसामाणसाच्या हातावर तुकडा पडत होता. थोरला पायरीवर बसला होता, त्याच जागी, दोन्ही पाय शाबूत. वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असावं. त्यानं आवंढा गिळला. धाकटी परात घेऊन समोरून निघाली तेव्हा त्याचा हात आपोआप पुढं आला, तळवा वर करून.

"धाकटे," तो हळू म्हणाला. "नखाएवढा. नुसता जिभेला लावायला."

धाकटी थांबली. माणसं बघत होती. दूधवालाही कॅन घेऊन उभा होता. तिनं त्या पसरलेल्या हाताकडं बघितलं, अगदी सावकाश, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दादा, गूळ विकायला असतो. खायला नसतो."

कुणी हसलं नाही. थोरल्याचा हात तसाच राहिला. धाकटीनं परात खाली ठेवली, कमरेच्या किल्लीशेजारी खोचलेली पुरचुंडी सोडली आणि उकडलेले हरभरे मूठभर त्याच्या तळहातावर ओतले. मग समोर उभी राहिली. थोरला एकेक हरभरा तोंडात टाकू लागला.